फाइल तळाशी कोण सरकवतं?

१. सही जुळत नाही

व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न विचारायला हटकून बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका उभे राहतात. मागे एकदा नागरिकत्वाच्या अर्जांची छाननी कंप्यूटर कशी करतो, या विषयावर मी बोललो होतो. काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "माणूस वशिला बघतो, पैसे खातो, आकस धरतो, सगळं मान्य. पण यंत्राला कुठं जात, धर्म, देश? ते नुसतं जुळवून बघतं. मग त्यात अन्याय शिरतो कुठून?"

मी उलट विचारलं, "बँकेत कुठल्या टेबलाला होतात?"

"चेक पासिंगला. बारा वर्षं."

"सही जुळत नाही म्हणून परत केलेले चेक सगळ्यांत जास्त कुणाचे असायचे?"

काका थोडे थांबले. "पेन्शनरांचे," म्हणाले. "हात थरथरतो ना."

नमुना सहीच्या कार्डावर वय लिहिलेलं नसतं. पासिंगच्या टेबलावरचा माणूस म्हाताऱ्यांचा वैरी नसतो आणि नियम सगळ्यांना एकच असतो. तरी परत गेलेल्या चेकांचा गठ्ठा काढला, तर त्यात सत्तरीच्या पुढचेच जास्त निघतात. यंत्राचंही तसंच आहे. त्याला धर्म कळायची गरज नाही. ज्या खुणेवर ते बोट ठेवतं, ती खूण कुणाच्या वाट्याला जास्त आली आहे एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं.

आणखी एक गोष्ट काकांना सांगावी लागली नाही. पासिंगला दोन तऱ्हेच्या चुका होतात. खोटी सही पास होते, किंवा खरी सही परत जाते. पहिलीत बँकेचे पैसे जातात आणि साहेब बोलावून घेतात. दुसरीत आजोबांचं रिक्षाभाडं जातं, एक सकाळ जाते, आणि साहेबांना पत्ताही लागत नाही. मग टेबलावरचा माणूस कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. नागरिकत्वाच्या कचेरीत हे दुप्पट खरं आहे. चुकीचा माणूस आत घेतला तर वर्तमानपत्रात मथळा होतो. योग्य माणूस तीन वर्षं दारात उभा राहिला, तर ते फक्त त्याच्या घरी कळतं.

२. पाटील, पटेल, पटोले

आता एक खरं यंत्र उघडून बघू. अमेरिकेत ग्रीन कार्डवर साधारण पाच वर्षं काढली की माणूस ‘एन-४००’ नावाचा फॉर्म भरून नागरिकत्व मागू शकतो. बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, शेवटी शपथ, असा तो क्रम. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तो तोंडपाठ असतो. या क्रमात एक पायरी अर्जदाराला दिसत नाही. तिला सगळे ‘नेम चेक’ म्हणतात. अर्जदाराचं नाव एफबीआयकडे जातं आणि तिथल्या फायलींच्या सूचीत ते सापडतं का, हे कंप्यूटर बघतो.

ठसे एकाच माणसाचे असतात. नाव तसं नसतं, ते शंभर जणांचं असतं आणि शंभर तऱ्हांनी लिहिलं जातं. म्हणून सूचीत शोधताना नावाची उलटापालट करतात. पहिलं-मधलं-शेवटचं यांचा क्रम बदलतात, एखादं गाळून बघतात आणि उच्चाराला जवळची स्पेलिंगही धरतात.

उच्चारावरून नाव शोधण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे साउंडेक्स. ती रॉबर्ट रसेल आणि मार्गारेट ओडेल यांच्या नावावर आहे; १९१८ आणि १९२२ साली तिची पेटंटं घेतली गेली. पुढे अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या सूची तिच्यावरच बेतल्या गेल्या. आजच्या गाळण्या तिच्यापेक्षा हुशार आहेत, पण मूळ युक्ती समजायला हीच सोपी. नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ठेवायचं. पुढचे स्वर काढून टाकायचे, एच, डब्ल्यू आणि वाय हेही काढायचे. उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडा द्यायचा: टी-डीला ३, एलला ४, एम-एनला ५ असा. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य लावायचं.

पाटील घ्या. पी ठेवला, टीचे ३, एलचे ४, एक शून्य. झालं पी-३४०. आता पटेल करून बघा: पी-३४०. पटोले: पी-३४०. कोल्हापूरचे पाटील, आणंदचे पटेल आणि भंडाऱ्याचे पटोले या गाळणीला एकच. जोशी आणि जोग हे दोघंही जे-२००, आणि मेक्सिकोतला होसेही जे-२००, कारण त्याचं स्पेलिंग जे-ओ-एस-ई असं आहे. चित्पावनाची आणि मेक्सिकनाची अशी सोयरीक दुसऱ्या कुठल्या कार्यालयात जमणार नाही.

उलटी गंमत वाघांची. एकच माणूस शाळेच्या दाखल्यावर व्ही लावतो आणि पासपोर्टवर डब्ल्यू. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं हा नियम असल्यामुळे व्ही-२०० आणि डब्ल्यू-२०० ही दोन वेगळी माणसं ठरतात. वैद्यांचीही तीच रड. म्हणजे गाळणी जिथे वेगळं धरायला हवं तिथे एक करते आणि जिथे एक धरायला हवं तिथे वेगळं करते. हे दोष ज्या भाषेसाठी ती बनली त्या इंग्रजीतही आहेतच, पण थोडे. रोमन लिपीत पाहुणे म्हणून आलेल्या नावांना ते जास्त भोवतात. अरबी ‘मोहम्मद’ रोमन लिपीत डझनभर तऱ्हांनी लिहितात. ती सगळी सापडावीत म्हणून जाळं रुंद करायचं, आणि जाळं रुंद केलं की त्यात आणखी लाखभर मोहम्मद येतात.

यात आपल्याकडच्या बायकांचं प्रकरण निराळंच. माहेरचं नाव, वडलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. जुन्या पिढीत तर ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून स्वतःचं नावही बदलायचं. पासपोर्ट, डिग्री आणि विवाहाचा दाखला मांडून ठेवले तर तीन बायका दिसतात.

नाव ‘फार सामान्य’ असणं हाच दोष कसा ठरतो, याचा नमुना कॅनडानं दाखवला. दिल्लीतल्या त्यांच्या कचेरीतून सिंग आणि कौर आडनावाच्या अर्जदारांना दुसरं आडनाव लावून या, असं सांगितलं जाई. एवढ्या सिंगांमध्ये फायली ओळखू येत नाहीत, असं कारण. २००७च्या उन्हाळ्यात हे बाहेर आलं, आरडाओरडा झाला आणि प्रथा मागे घेतली गेली. सूचीची अडचण होती आणि दुरुस्ती माणसांच्या नावात सुचवली होती.

३. हजारातले नव्वद

नेम चेकमध्ये नाव ‘सापडलं’ म्हणजे काय होतं? एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी स्वतः अमेरिकी काँग्रेसपुढे जे प्रमाण सांगितलं, त्यावरून एक साधा हिशेब करू.

हजार अर्जदार धरा. ६८० जणांची नावं दोन-तीन दिवसांत ‘नोंद नाही’ म्हणून परत येतात. आणखी २२० जणांचं नाव कशाशी तरी जुळल्यासारखं वाटतं, एक-दोन महिन्यांत तपासून तेही सुटतात. राहिले १००. यांची फाइल प्रत्यक्ष काढून वाचावी लागते. आणि अखेरीस ज्यांच्याबद्दल काही वावगं असण्याची शक्यता निघते ते हजारात दहापेक्षाही कमी. म्हणजे फाइल काढण्यापर्यंत अडकलेल्या शंभरांतले नव्वदहून अधिक विनाकारण अडकलेले.

यात सुरुवातीला यंत्राची चूक फारशी नाही. जाळं टाकल्यावर माशांबरोबर शेवाळ यायचंच, ते निवडून टाकलं की झालं. पण निवडायला माणूस लागतो. आणि त्या फायली कागदाच्या होत्या, देशभरात अडीचशेहून जास्त ठिकाणी विखुरलेल्या. कुठल्यातरी शहरातल्या तळघरातून पुठ्ठ्याची फाइल काढायची, मागवायची, वाचायची, मग ‘हा तो नव्हे’ असं लिहायचं.

त्यात २००१च्या हल्ल्यानंतर जाळं आणखी रुंद झालं. आधी ज्याच्या नावानं फाइल उघडली आहे तेवढंच बघत. २००२च्या अखेरीपासून फायलीत ओझरता उल्लेख झालेली नावंही बघू लागले. त्यात साक्षीदार आला, शेजारी आला, ज्याच्यावर गुन्हा घडला तोही आला. झालेल्या तपासण्यांपैकी २७ लाख नावं पुन्हा पाठवली गेली. मे २००७मध्ये ३,२९,१६० नावं एफबीआयकडे पडून होती, आणि त्यातली १,०६,७३८ वर्षाहून जास्त काळ.

या लाखभर लोकांपैकी कुणालाही यंत्रानं ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. अर्ज नाकारला असता तर अपील करता आलं असतं. इथे अपील करायला काही घडलेलंच नव्हतं. त्या काळात मतदान नाही, कित्येक सरकारी नोकऱ्या नाहीत, परदेशातल्या आईवडलांना बोलावून घेण्याचा नागरिकाचा हक्क नाही. म्हणून छाननी न्याय्य आहे का हे बघताना नुसते नाकारलेले अर्ज मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. थांबलेले मोजा.

४. एक यंत्र, दोन हिशेब

वाचक म्हणेल, मग यंत्र सगळ्यांशी सारखं वागेल असं करा ना. करू. ‘सारखं’ म्हणजे काय ते मात्र आधी ठरवावं लागेल.

दोन देश घेऊ, अ आणि ब. दोन्हीकडून हजार-हजार अर्ज आले. अ देशातल्या २० जणांचे कागद बनावट आहेत, ब देशातल्या १०० जणांचे. यंत्र दोघांना अगदी एकाच मापानं मोजतं: बनावटांपैकी शंभरात ८० पकडतं आणि प्रामाणिकांपैकी शंभरात १० जणांना चुकून अडवतं.

अ देशात १६ लबाड पकडले गेले आणि ९८० प्रामाणिकांतले ९८ अडले. एकूण ११४ फायलींवर लाल खूण. ब देशात ८० लबाड आणि ९०० प्रामाणिकांतले ९०. एकूण १७० लाल खुणा. आता टेबलावरच्या अधिकाऱ्यापुढे लाल खुणेची फाइल आली. ती ब देशाची असेल तर खूण खरी असण्याचा संभव जवळजवळ निम्मा. अ देशाची असेल तर शंभरात फक्त १४. यंत्र सारखं वागलं, पण त्याच्या खुणेचा अर्थ सारखा राहिला नाही. दोन्हीकडे खुणेचा अर्थ सारखा करायचा म्हटलं तर प्रामाणिकांना अडवण्याचं प्रमाण दोन देशांत वेगळं ठेवावं लागेल. दोन्ही एकदम जमत नाही, आणि याचा दोष कुणा प्रोग्रामरचा नाही. मूळ आकडे वेगळे असले की असंच होतं. कुठलं ‘सारखं’ हवं ते माणसांनी ठरवायचं आणि ठरवलं आहे असं उघड सांगायचं. बहुतेक सरकारं ते उघड सांगत नाहीत.

आता त्या हिशेबातले २० आणि १०० हे आकडे बघा. ते मी तुमच्यापुढे सहज मांडले आणि तुम्ही मान्यही केले. खऱ्या कचेरीत ते येतात कुठून?

५. लाल, पिवळा, हिरवा

ब्रिटनच्या गृहखात्यात २०१५पासून व्हिसाच्या अर्जांना रंग देणारी एक प्रणाली होती. लाल म्हणजे धोका, पिवळा मधला, हिरवा निर्धोक. व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण त्या जिन्याची ती पहिली पायरी. रंग ठरवताना अर्जदाराचं राष्ट्रीयत्व धरलं जाई आणि संशयित देशांची एक गुप्त यादी होती. लाल रंगाच्या अर्जाला जास्त वेळ, जास्त कडक नजर. २०१७च्या एका तपासणीत दिसलं की हिरव्यांपैकी शंभरात ९६ मंजूर होत होते आणि लालपैकी निम्मेही नाहीत.

खात्याचं म्हणणं, निर्णय माणूसच घेतो, यंत्र फक्त गठ्ठे लावून देतं. पण देश त्या यादीत कशावरून जाई? त्या देशाच्या लोकांनी पूर्वी नियम मोडल्याच्या नोंदी, आणि त्या देशाच्या लोकांवर पूर्वी झालेले प्रतिकूल निर्णय यांवरून. व्हिसा नाकारणं हाही प्रतिकूल निर्णयच.

आमच्या शाळेत एक मास्तर मागच्या दोन बाकांच्याच वह्या तपासायचे. गृहपाठ न केलेली मुलं अर्थातच मागच्याच बाकांवर सापडायची. वर्षाअखेरीस मास्तर सांगायचे, बघा, तीस वर्षांचा अनुभव आहे, मागच्या बाकावरची पोरं ती अशीच. पुढच्या बाकावरच्या आम्ही चार वर्षांत किती गृहपाठ केला नाही याची नोंद कुठेच नाही. ब्रिटिश प्रणालीत तर त्याहून पुढची गोष्ट होती: मास्तरांचा संशयही ‘गृहपाठ केला नाही’च्या रकान्यात चढत होता. लाल खुणेमुळे नकार, नकारामुळे देश यादीत, यादीमुळे पुन्हा लाल खूण.

स्थलांतरितांसाठी काम करणारी एक संस्था आणि फॉक्सग्लव्ह नावाचा वकिलांचा गट यांनी याविरुद्ध दावा लावला. गृहमंत्री तेव्हा प्रीती पटेल होत्या (योगायोगानं पी-३४०). कोर्टात सुनावणी होण्याआधीच खात्यानं ७ ऑगस्ट २०२० पासून ती प्रणाली थांबवली.

यावर तोडगा म्हणून कॅनडाकडे बोट दाखवतात. तिथे २०१८पासून भारत आणि चीनच्या तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जांवर असं यंत्र लावलं, जे सोप्या अर्जांची पात्रता मान्य करतं पण नकार कधीच देत नाही. नकार द्यायचा तर माणसानंच. ऐकायला छान. पण त्याचे नियम जुन्या अधिकाऱ्यांच्या जुन्या निर्णयांवरून शिकलेले, आणि ज्याला यंत्र ‘हो’ म्हणत नाही तो लांबच्या रांगेत जातो. नकार नाही, फक्त रांग. रांगेबद्दल आपण मघाशी बोललो.

६. आसाममधलं झाड

आपल्या देशात कंप्यूटरनं नागरिकत्व जुळवून बघण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आसामात झाला. राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. बहुतेकांनी १९५१च्या नोंदणीत किंवा २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयादीत आपला बाप-आजा शोधायचा, त्याचा ‘लेगसी डेटा’ क्रमांक घ्यायचा आणि आपण त्याचेच वंशज हे कागदानं दाखवायचं. एकाच आजोबांचा क्रमांक भलत्यानंच वापरला तर? म्हणून सगळ्यांकडून वंशवृक्ष मागवले आणि ते एकमेकांवर ठेवून पाहिले. एका भावानं पाच भावंडं लिहिली आणि दुसऱ्यानं सहा, की सुनावणी.

कल्पना हुशार होती, हे मान्य केलं पाहिजे. खोटे वारस तिच्यात खरोखर सापडू शकतात. पण सोळाव्या वर्षी लग्न करून शेजारच्या जिल्ह्यात गेलेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या बाईकडे ‘मी अमक्याची मुलगी’ हे सांगणारा कागद बहुधा एकच असे, ग्रामपंचायतीचा दाखला. अशा लाखो दाखल्यांची ग्राह्यता कोर्टात लोंबकळली आणि डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, पडताळणीच्या अटीवर, ते चालतील असं सांगितलं. मुलग्याला बापाच्या जमिनीचा उतारा असतो, मतदारयादीत बापाखालीच त्याचं नाव असतं. मुलगी दुसऱ्या घरच्या यादीत ‘पत्नी’ म्हणून चढते. झाडात बाईची फांदी मुळात कागदाची कच्ची. ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले.

७. एकशेवीस दिवस

अमेरिकेच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदार थेट जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. नेम चेकमध्ये अडकलेले लोक त्या वाटेनं जाऊ लागले. मुलाखत झालेली, परीक्षा पास झालेली, फक्त नाव अडकलेलं. दावा लागला की सरकार एफबीआयला ती फाइल आधी काढायला सांगे. म्हणजे वकील परवडणारा पुढे आणि बाकीचे आहेत तिथेच.

पुढे एप्रिल २००८मध्ये नवी योजना आखली, माणसं वाढवली, पैसा ओतला, आणि जून २००९मध्ये साचलेला ढीग संपल्याचं जाहीर झालं. वर्षानुवर्षं ज्या पडताळणीला सुरक्षेचं नाव होतं, ती बरीचशी कारकुनांच्या तुटवड्याची गोष्ट निघाली. अर्थात त्याच २००८ साली ‘कार्प’ या लघुनावाची दुसरी, गुप्त छाननी सुरू झाली. ज्याच्या फाइलवर ती खूण पडे त्याला ते कळवलं जात नसे. तिच्याविरुद्ध २०१७मध्ये सिअ‍ॅटलच्या न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला.

पण काकांना मी सांगितलं ते २००६चं. १२० दिवसांच्या दाव्यांनी नागरिकत्व देणारं खातं बेजार झालं होतं. त्यावर त्यानं एप्रिल २००६मध्ये एक साधा हुकूम काढला: नेम चेक पूर्ण होईपर्यंत अर्जदाराला मुलाखतीलाच बोलावू नये. कायद्याचं घड्याळ मुलाखतीच्या दिवशी सुरू होतं. मुलाखत नाही तर घड्याळ नाही.

काका हसले. "कळलं," म्हणाले. "चेक इनवर्ड रजिस्टरला चढवायचाच नाही."